अर्धी झाकलेली काच

“पण आत बुरशी आहे की नाही, तेवढं एक सांगा ना चाचा.”

निशिकांत गायधनीनं लेन्स तोंडासमोर धरली होती. एक डोळा मिटलेला. दुसऱ्या हातात बोटाएवढा टॉर्च.

 दस्तगीरचाचा बाजेवरच्या बाकीच्या लेन्स एकेक करून उन्हाकडे वळवत होते.

“चाचा...”

“ऐकलं साहेब.”

पिंपळदऱ्याच्या धरणाचा फुगवटा जिथं उथळ होतो, तिथं काठावर एक जुनं पंपघर आहे. पंप कधीच गेला, घर राहिलं. त्या घरात दस्तगीरचाचा राहतात. चाळीस वर्षं त्यांनी नाशकातल्या फोटो स्टुडिओंचे कॅमेरे दुरुस्त केले. आता लोकांच्या जुन्या लेन्स त्यांच्याकडे येतात, बऱ्या होतात आणि दुसऱ्या लोकांकडे जातात. थंडीत रोज सकाळी ते सगळ्या लेन्स अंगणातल्या बाजेवर मांडून त्यांना ऊन दाखवतात, पापड वाळत घालावेत तशा. उन्हानं काचेतली बुरशी मरते म्हणतात. म्हणणारे पुष्कळ आहेत, रोज उठून मांडणारे चाचा एकटेच.

त्या सकाळी धुकं अजून पाण्यावरून उठलं नव्हतं. अंगणात कोवळं ऊन होतं आणि अंगणापलीकडे काहीच नव्हतं. पाणी नव्हतं, पलीकडचा काठ नव्हता. मधूनच कुठून तरी एखाद्या पाणकोंबडीचा आवाज यायचा आणि मग तोही नसायचा. अशा वेळी माणसाला आपण जागे आहोत की नाही याची खात्री देता येत नाही.

निशिकांतला ती पक्की होती. तो टॉर्च मारत होता.

हा निशिकांत एका कारखान्यात सुट्या भागांची तपासणी करतो. वीस वर्षं त्यानं रोज हजारो तुकडे हातात घेतले आणि त्यातले खोटे बाजूला काढले. पास काय कोणीही करतं, नापास करायला अक्कल लागते, असं तो नव्या पोरांना सांगायचा. कारखान्यात या गुणाला मान होता. घरी मात्र बायको म्हणायची, यांच्याबरोबर वांगी घ्यायला जाऊ नये. तिच्या मते तो नाकानं कांदे सोलायचा.

“हिच्यात धूळ आहे,” निशिकांतनं पहिली लेन्स खाली ठेवली. “ही दुसरी खाली धरली की झूम आपोआप घसरते. चौथीच्या स्क्रूंची तोंडं खरडलेली आहेत, म्हणजे कोणीतरी उघडली होती.”

“मीच उघडली होती.”

“म्हणजे उघडलेली आहेच ना?”

“आहे.”

“आणि ही तिसरी...” निशिकांतनं ती परत हातात घेतली. खोका, पावती, वर चिकटवलेला प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा तसाच. “हिच्यावर माझा जीव बसला होता. पण बघा, आतल्या काचेवर एक धागा आहे. केसापेक्षा बारीक. हीच ना बुरशी?”

चाचांनी लेन्स घेतली, कानाशी नेली आणि झूमचं कडं हळूच फिरवलं. मग डोळे मिटून पुन्हा एकदा फिरवलं.

“अकरा वर्षं कपाटात होती,” ते म्हणाले. “मालकानं फार जपली. बाहेरच काढली नाही.”

निशिकांतला हा सगळा देखावा वाटला. काच डोळ्यांनी बघायची सोडून कानानं काय बघायची! पण ज्याच्या दारी गेलो त्याला हसू नये, एवढं वळण त्याला होतं.

“आणि ही पाचवी. हिच्या तर पुढच्याच काचेवर ओरखडा आहे. नखाएवढा. टॉर्चसुद्धा लागत नाही दिसायला.”

पाचवी लेन्स बाजेच्या कडेला पडली होती. काळा रंग जागोजाग उडालेला. डावा तळवा जिथं बसतो तिथं तर रंग पार घासून धातू पिवळा दिसत होता.

“सत्तर ते तीनशे मिलिमीटरची आहे,” चाचा म्हणाले.

“तीनशे म्हणजे तोकडीच. मला चारशे तरी हवी. खरं म्हणजे सहाशे. पण सहाशेची नवी घ्यायची तर स्कूटर विकावी लागेल, आणि जुनी परवडते तिच्यात काहीतरी निघतंच.”

“सहाशे कशाला?”

“पक्षी लांब असतात, चाचा.”

“तुम्ही किती वेळ बसता?”

“कुठं?”

“पाण्याजवळ.”

 खरं सांगायचं तर लेन्स शोधायला लागल्यापासूनच्या तीन वर्षांत निशिकांत पाण्याजवळ गेलाच नव्हता. रोज संध्याकाळी संगणकासमोर बसून तो देशभरातल्या जुन्या लेन्सचे फोटो मोठे करून बघायचा. कुठली कडेला मऊ, म्हणजे पुसट पडते, कुठल्या लेन्सची फोकसची मोटर कुरकुरते, कुठल्या सालच्या मालात काय खोट होती, सगळं त्याला तोंडपाठ. एक लेन्स त्यानं मागवलीही होती. फोटोत कशी लखलखीत होती! घरी आली तर आत बुरशीचं जाळं. दुधानं तोंड पोळलं ते तेव्हापासून. आता तो ताकच काय, पाणीही फुंकून पीत होता.

“या पाचांतली एकही नाही?” चाचांनी विचारलं.

“नाही.”

“आणि याआधी किती पाहिल्या?”

“सत्तर-ऐंशी सहज.”

“पास किती?”

“एकही नाही,” निशिकांत म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो त्यालाच ऐकू आला.

चाचा हसले. “आमच्याकडे म्हणतात, अति शहाणा त्याचा बैल रिकामा.”

“आमच्याकडेही म्हणतात.”

“मग बैल कुठं आहे साहेब?”

एरवी निशिकांतनं यावर काहीतरी टोला दिला असता.  त्या दिवशी त्यानं टॉर्च बंद केला आणि बाजेच्या कडेवर बसला.

“चाचा, मला वेळ नाही हो.”

चाचांनी हात थांबवले.

“आमचे अण्णा याच धरणावर पाटकरी होते. कालव्याला पाणी सोडायचं काम. हिवाळ्यात करकोचे उतरले की ते रोज मोजायचे, कोणी सांगितलं नव्हतं तरी. मला सायकलच्या नळीवर बसवून आणायचे. मला पक्ष्यांचं जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं.” तो थांबला. “आता त्यांच्या डोळ्यांत डाग पडलाय. दोन्ही डोळ्यांत, अगदी मधोमध. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. कोंबडीसारखी मान तिरकी करून बघतात. डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत तेही जाईल.”

“हं...”

“मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. इथं आणता येत नाही. तीन वर्षांपूर्वी मी त्यांना शब्द दिला, करकोच्यांचा फोटो काढून देतो. भिंतीएवढा. असा की पीसन्पीस मोजता येईल. दर हिवाळ्यात विचारतात, आले का रे? मी म्हणतो, आले असतील.”

“असतील?”

“असतील.” निशिकांतनं मान खाली घातली. “आता माघ संपत आला. पंधरा दिवसांत करकोचे जातील. पुढच्या हिवाळ्यात ते येतील, पण अण्णांचे डोळे नसतील. म्हणून म्हणतो चाचा, या वेळी चुकायला नको. मला एकच लेन्स घेता येणार आहे, ती अगदी बिनडागाची हवी.”

बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. कारखान्यात कोणी ऐकला असता तर हा तोच माणूस आहे यावर विश्वास ठेवला नसता.

 धुक्यात लांबवर, आभाळात की पाण्यात ते कळेना, एक कर्कश आणि तरीही गोड असा आवाज उठला. मग दुसरा. मग पुष्कळ.

“आले,” चाचा म्हणाले. “शेतातला हरभरा खाऊन पाणी प्यायला येतात या वेळेला.”

निशिकांत उठून उभा राहिला. धुकं विरळ होत चाललं होतं. पाण्याच्या कडेला काहीतरी करडं करडं हलत होतं. इतके जवळ? त्याचा विश्वास बसेना.

“उठू नका. बसा. माझी सवय आहे त्यांना, तुमची नाही.”

चाचांनी खुंटीवरचं काळं घोंगडं काढलं. बाजेवरची पाचवी लेन्स उचलली, ती ओरखडा पडलेली. अंगणाच्या बुटक्या भिंतीवर त्यांनी बाजरीनं भरलेली एक लहान पिशवी ठेवली आणि लेन्स पिशवीवर टेकवली, तोंड पाण्याकडे करून.

“कॅमेरा काढू?” निशिकांतनं हळूच विचारलं.

“कॅमेरा नको. इकडे या. डोकं आत घ्या.”

आणि त्यांनी घोंगडं दोघांच्याही डोक्यांवरून ओढून घेतलं.

आत काळोख झाला. लोकरीचा, धुराचा आणि म्हाताऱ्या माणसाचा वास. निशिकांतला क्षणभर हसू आलं. आपण चाळीस ओलांडलेले गृहस्थ, आणि सकाळी सकाळी एका घोंगड्यात शिरून बसलो आहोत! तेवढ्यात चाचांनी त्याच्या हातात बटर पेपरचा एक तुकडा दिला.

“लेन्सच्या मागं धर. अडीच बोटं सोडून. थोडा पुढे... मागे...”

साहेबाचा ‘तू’ कधी झाला, हे निशिकांतच्या लक्षातही आलं नाही. तो कागद पुढंमागं करत होता. कागदावर आधी नुसता धुरकट उजेड आला. मग चाचांच्या बोटांनी लेन्सवरचं कडं जरासं फिरवलं, आणि उजेडाला आकार आला.



बत्ताशाएवढ्या गोल उजेडात सगळं धरण होतं. पण उलटं. पाणी वर, आभाळ खाली. आणि त्या वरच्या पाण्यात पाय रोवून, खालच्या आभाळात माना सोडून करकोचे चालत होते. तांदळाच्या दाण्याएवढे. जिवंत. एकानं पंख झटकले, तेही दिसलं.

बाहेर कुठं जग आहे, कारखाना आहे, आपलं नाव निशिकांत आहे, यातलं काही त्याला आठवेना. ते आठवायची गरजही वाटेना.

“ओरखडा कुठं आहे?” चाचांनी विचारलं.

निशिकांतनं कागदावर शोधलं. आभाळात पाहिलं, पाण्यात पाहिलं. वीस वर्षांची नजर होती त्याची.

“दिसत नाही.”

“हात बाहेर काढून त्या ओरखड्यावर अंगठा ठेव.”

त्यानं चाचपडत घोंगड्याबाहेर हात काढला आणि पुढच्या काचेवर अंगठा टेकवला. काच गार होती.

“आता अंगठा कुठं आहे?”

निशिकांतनं पुन्हा शोधलं. अंगठा कुठंच नव्हता. करकोचे तसेच चालत होते, सगळेच्या सगळे.

“तळवा ठेव. अर्धी काच झाक.”

त्यानं तळवा ठेवला. आता करकोचे अर्धे होतील, अशी त्याची अपेक्षा होती. निम्मी काच गेली म्हणजे निम्मं धरण जायला हवं, नाही का? धरण गेलं नाही. एक करकोचा गेला नाही. एक पीस गेलं नाही. फक्त कागदावरचा उजेड संध्याकाळ झाल्यासारखा मंद झाला.

“अर्धं झालं?” चाचांनी विचारलं.

“नाही...”

“मग?”

“अंधारलं जरा. आहे सगळं.”

त्यानं हात काढला नाही. अर्धी काच झाकून तो तसाच बघत राहिला. त्याला एकदम घरातली खाट दिसली आणि खाटेवर मान तिरकी करून बसलेले अण्णा. 

बऱ्याच वेळानं त्यानं तळवा उचलला. कागद पुन्हा उजळला.

“चाचा, ही घेतो मी.”

“घे.”

“फक्त...” वीस वर्षांची खोड अशी जाते थोडीच! “फक्त कडेला जरा मऊ पडते. उजव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात. बघा.”

“ते काचेचं झालं,” चाचा म्हणाले. “पाण्यावर काय आहे?”

“करकोचे.”

“काय करतात?”

निशिकांतला प्रश्न कळला नाही. मग वाटलं, ही परीक्षा असावी. परीक्षेला तो कधी घाबरला नव्हता. त्यानं कागदावर डोळे बारीक केले.

“पाणी पितायत. चोच बुडवतात आणि मान वर करतात. एकजण पीत नाही, उभाच आहे, पहाऱ्यावर असावा.”

“हं.”

“सगळे करडे आहेत. मानेला काळा पट्टा, डोळ्यामागनं पांढरा. एकाचं डोकं मात्र तपकिरी आहे... ते यंदाचं पिल्लू. आईबापांच्या मधे चालतंय. आई थांबली की तेही थांबतं. बापाला त्याची घाई दिसते, तो पुढं जातो आणि मागं वळून बघतो.”

“किती आहेत?”

“थांबा... अकरा. नाही, ते बाभळीच्या सावलीतले धरून चौदा.” त्याचा आवाज आता त्याचा राहिला नव्हता. सायकलच्या नळीवर बसलेल्या कोणाचा तरी होता. “चौदा, चाचा! आणि अजून उतरतायत. वरून येतात ना, तेव्हा पाय आधी सोडतात खाली, लोंबते. इथं उलटं आहे, म्हणून ते पाय वर करून आभाळातनं पाण्यात चढल्यासारखे दिसतात. आता एकानं उडी मारली. दुसऱ्यानंही. नाचतायत! पंख पसरून, एकमेकांभोवती. अण्णा म्हणायचे हे, मला कधी खरं वाटलं नव्हतं...”

तो बोलत राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही. धुक्याची एक पट्टी पाण्यावरून सरकत गेली, ती त्यानं सांगितली. एक करकोचा एका पायावर उभा राहून पाठीत चोच खुपसून झोपला, तेही सांगितलं. एक बगळा मधेच फुकटचा येऊन उभा राहिला, त्यालाही सोडलं नाही. घोंगड्यातली हवा गरम झाली होती. बाजूला चाचांचा श्वास संथ चालला होता.

मग पिल्लानं बापासारखे पंख पसरून पाहिले, त्याचा तोल गेला आणि ते पाण्यात बसलं. निशिकांत हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले आणि कागदावरचं सगळं पाण्यात विरघळलं.

तो बोलायचा थांबला.



“चाचा,” त्यानं बाहीनं डोळे पुसले. “बघितलंत ना, कसं पडलं ते?”

 निशिकांतनं मान वळवली. कागदाच्या उजेडात म्हाताऱ्याचा चेहरा अंधुक दिसत होता. तो कागदाकडे नव्हताच. चाचा भिंतीला कपाळ टेकवून, डोळे मिटून बसले होते, आणि ओठांवर हसू होतं.

“चाचा... तुम्ही बघत नव्हता?”

“मला कुठं दिसतंय, लेका,” चाचा म्हणाले. “दोन वर्षं झाली. तू थांबू नकोस... पिल्लू उठलं का?”